आज अवस, बाई

सकाळी अकराच्या सुमाराला आठवी-नववीची ३४ मुलं घेऊन मी नाट्यखेळ घ्यायला किनाऱ्यावर पोचले, तर किनारा जागेवर नव्हता. सुरूच्या मुळांना पाणी लागलेलं. एरवी वाळूत कलंडून पडलेली एक होडी, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी हिसके देत होती. माझ्या गळ्यात शिट्टी, हातात पुठ्ठ्याला लावलेली चार पानं आणि त्यावर पहिलीच ओळ: 'ओल्या वाळूवर मोठं वर्तुळ करून उभे राहा.'

मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी पाण्याकडे. शेवटी नववीतला एक मुलगा, जो हजेरीपलीकडे वर्गात तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "बाई, आज अवस."

"मग?"

"मग काय? तिथीची पाऊणपट करूची. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सव्वाअकराक भरती पुरी."

माझ्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी माणदेशातली. आमच्या गावात पाणी टँकरनं यायचं आणि त्याची वेळ कुठल्याच पाढ्यात बसत नसे. मराठी शिकवायला मालवणजवळच्या या शाळेत आले त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं मी समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर राहत होते. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत आले की उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास काटकोनात आले की भांगाची, हे मी दहावीला आकृती काढून लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मिळवले होते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते हेही पाठ होतं. पण त्या मुलानं जे बोटांवर मोजलं, ते मला कधी मोजता आलं नव्हतं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला आणि ओहोटी बाराच्या. ढोबळ हिशेब आहे, दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात. पण माझ्या आराखड्यात तर तिथीचा रकानाच नव्हता.

त्या आराखड्याबद्दल थोडं सांगायला हवं. एका शिबिरात मला इंग्रजीतून आलेली काही टिपणं मिळाली होती. माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी नाट्यखेळ, विषय समुद्रकिनारा. खेळ चांगले होते, अजूनही वापरते. शरीराचा पुतळा करून प्रसंग गोठवायचा. डोळे मिटून नुसत्या आवाजांनी जागा उभी करायची. एका पात्राला खुर्चीवर बसवून बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि त्यानं पात्र न सोडता उत्तरं द्यायची. पण त्यांतला समुद्र इंग्लंडचा होता. थंड पाणी, तोकडा उन्हाळा, म्हणून किनारा म्हणजे सुट्टी. वाळूचे किल्ले, आइस्क्रीम, गाढवावरून फेरी, पट्ट्यापट्ट्यांच्या उभ्या तंबूत चालणारा पंच आणि जूडीचा बाहुल्यांचा खेळ. मी गाढवाच्या जागी उंट घातला आणि झालं आपलं रूपांतर, असं समजले.

तर त्या अवसेच्या दिवशी आम्ही परत फिरलो आणि शाळेच्या हॉलमध्ये बसलो. पहिला खेळ: 'तुम्ही बादली आणि फावडं घेऊन समुद्रावर आला आहात. न बोलता दाखवा, तुम्ही काय करता?'

पहिल्या गटातल्या चौघांनी फावड्यानं वाळू भरायला सुरुवात केली. झपाझप, कंबरेत वाकून, चोरट्या नजरेनं इकडेतिकडे बघत. किल्ला काही होईना. मी विचारलं, "कशात भरताय?"

"डंपरात."

मागून कुणीतरी ओरडलं, "तहसीलदार इले!" आणि चौघंही खुर्च्यांखाली. एक जण पळता पळता परत येऊन अदृश्य फावडं घेऊन गेला, कारण ते घरचं होतं. हॉलमध्ये दोन मिनिटं नुसतं हसू चाललं होतं. आता वाटतं, आमचं पहिलं खरं नाटक तेच होतं. पण तेव्हा मी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "चला, आता नीट करा."

त्यांनी नीट केलं. पाच गट, पाच प्रसंग, विषय 'आपला समुद्र'. पाचही गटांनी पर्यटक दाखवले. आणि काय दाखवले! गॉगल डोक्यावर, मोबाइल हातभर लांब. "भैया, मच्छी फ्रेश है ना?" "डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत मिळणार का?" एका गटानं तर ओल्या वाळूत रुतलेली मोठी गाडी दाखवली. चार मुलं म्हणजे गाडी, पाचवा आत बसून एसी चालू ठेवून "जोर लगाओ" सांगणारा. तारकर्ली-देवबागच्या रस्त्यावर सुट्टीत जे रोज दिसतं, ते सगळं या मुलांनी टिपून ठेवलेलं. नक्कल बिनचूक होती. फक्त त्यात ती स्वतः कुठे नव्हती. कुणी गाइड झालं, कुणी हॉटेलात पाण्याचे ग्लास ठेवणारा पोऱ्या, बस्स.

मी विचारलं, "आणि तुमच्या घरचा समुद्र?"

सगळी गप्प. मग पहिल्या रांगेतली एक मुलगी अगदी मनापासून म्हणाली, "बाई, त्यात काय दाखवूचा?"

हे वाक्य त्या दिवशी माझ्याबरोबर घरी येऊन बसलं. मीही माणदेशात असताना कुणी 'तुमचा दुष्काळ दाखवा' म्हटलं असतं, तर भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावलेला म्हातारा दाखवला असता, कारण फोटोत तसंच असतं. पहाटे तीनला टँकरचा हॉर्न ऐकून हंडे घेऊन अनवाणी पळणारी मी, ती कुठल्या फोटोत नव्हती. म्हणून ती दाखवण्यासारखी आहे हे मला सुचलंच नसतं.

वाट दाखवली ती आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी. मामा तुळशीच्या लग्नानंतर दशावतारात काम करतात. जत्रांच्या दिवसांत रात्रभर नाटक, सकाळी शाळेची घंटा. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते अजून राणी होतात आणि घंटा देताना कधीकधी त्यांच्या डोळ्यांत काजळाची रेघ राहिलेली असते. मी मुलांसाठी संवाद लिहीत बसले होते, तर ते टेबल पुसता पुसता म्हणाले, "बाई, तुमी लिवन दिलास तर पोरां वाचतली. बोलाची नाय."

दशावतारात लिहिलेली संहिता नसते, हे मला माहीत होतं. पण ते चालतं कसं, हे मामांनी समजावलं. रंगायला बसल्यावर कथानक सांगितलं जातं. कोण कुणाच्या मागून येणार, कुठं भांडण, कुठं युद्ध, एवढंच. बाकी समोरचा जे बोलेल त्यातून आपलं बोलणं काढायचं. आणि नेपथ्य म्हणजे एक बाकडं. राजा बसला की सिंहासन, ऋषी बसला की आश्रम, त्यावर उभं राहून लांब पाहिलं की डोंगर. हॉलमधलं एक बाक मामांनी मधोमध ओढलं, त्यावर बसले, गुडघे किंचित फाकवले आणि अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जाऊ दिलं. बस्स. बाक पाण्यात होतं. मुलांनी आपोआप पाय वर घेतले.

मग त्यांनी संकासुर आणला. दशावताराच्या आरंभी, गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन गेले की हा काळ्या कपड्यांतला असुर येतो. वेद पळवणारा, विष्णूच्या हातून मरणारा, पण मरेपर्यंत मालवणीत सगळ्यांची टर उडवणारा. समुद्रात दडून बसलेला हा शंखासुर. रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतही तो आहे. मी इतकी वर्षं समुद्रावरच्या नाटकाचे खेळ शोधत होते आणि समुद्रातून निघालेला एक नट दर जत्रेत शाळेपासून तीन किलोमीटरवर उभा राहत होता! मामा म्हणाले, "देव बोलता ता पुस्तकातला. संकासुर बोलता ता आमचा."

दुसऱ्या दिवशी मी नियम केला: संकासुराला बाकावर बसवायचं, त्याला काहीही विचारायचं आणि त्यानं घरच्या भाषेत उत्तर द्यायचं. टिपणांतला तो खुर्चीचाच खेळ. एका मुलीनं काळी ओढणी गुंडाळली. प्रश्न सुरू झाले. वेद कुठे ठेवलेस? "बर्फाच्या पेटयेत." समुद्रात राहतोस तर भीती कुणाची? ती थांबली. मग म्हणाली, "रात्री दिवे लावन येतत तेंची." एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या नौका. त्या मासेमारीवर बंदी आहे, तरी छोट्या होडीवाल्यांची तक्रार थांबलेली नाही. अर्ध्या मुलांच्या घरी होड्या आणि एका-दोघांचे काका मोठ्या बोटींवर. एकदम सगळे बोलायला लागले आणि कुणीच पर्यटक नव्हतं.

डोरोथी हीथकोट नावाच्या एक इंग्लिश नाट्यशिक्षिका होत्या, २०११ साली गेल्या. शिक्षकानं बाहेर उभं राहून सूचना देण्याऐवजी स्वतःच एखादी भूमिका घेऊन मुलांच्या नाटकात शिरावं, हा त्यांचा मार्ग. मी धीर करून शिरले. घाटावरून आलेली मासे घेणारी बाई झाले, म्हणजे अभिनय असा काही करावा लागला नाही. लिलावात मुलांनी मला पेडव्यांच्या भावात इतकं नागवलं की खरोखर राग आला.

आवाजांचा खेळ मात्र मी सोपा समजत होते. तळवे जमिनीवर घासले की लाट, चुटक्या वाजवल्या की पावसाचे थेंब, मांड्यांवर थापा म्हणजे सर. डोळे मिटून सगळ्यांनी केलं की अंगावर काटा येतो, हा माझा अनुभव. इथे सुरुवातीलाच अडलं. एकानं विचारलं, "गाज खयची? जूनची काय थंडयेतली?"

थंडीतली गाज म्हणजे त्यांच्या मते तळव्यांचं हलकं घासणं, मध्ये चांगली शांतता, मग परत. जूनची वेगळी. ती हातांनी होतच नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या, आणि रात्रभर घराच्या भिंतीतून येणारा तो आवाज. त्यांनी तो कसा केला? सगळी पालथी झोपली, तोंड जमिनीला टेकवून छातीतून हुंकार काढला, आणि दोघा-तिघांनी मधूनच टाचा आपटल्या. लाकडी व्यासपीठ थरथरलं. दाराशी उभ्या असलेल्या एका शिक्षकांनी आत डोकावून विचारलं, "भूकंप की काय?" कुणी म्हणालं, आजी गाज कुठल्या दिशेनं येते त्यावरून पाऊस सांगते. ती दिशा ठरवण्यासाठी त्यांनी हॉलमध्ये जागा बदलल्या, दक्षिणेकडची मुलं जोरात, उत्तरेकडची हळू. हे मी कुठल्याही टिपणात वाचलेलं नाही.

वाळूवर आम्ही गेलो ते पुढच्या आठवड्यात, अष्टमीला, बाराच्या ओहोटीला, डोक्यावर टोप्या घालून. दोन गोष्टी तिथे शिकले. एक, वाऱ्यावर आवाज राहत नाही. हॉलमधले सगळे संवाद तिथे फुकट, फक्त शरीर दिसतं. दुसरी, पाण्यात कुणी जायचं नाही हा नियम सांगून भागत नाही. मी सगळ्यात चांगलं पोहणाऱ्या दोघांना पाण्याकडे पाठ करून उभं केलं आणि रेषा त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती माझ्यापेक्षा कडक पाळली.

तिथे आम्ही रापण केली, दोरीशिवाय. रापण म्हणजे होडीनं अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं. त्याची दोन टोकं किनाऱ्यावर दोन टोळ्या ओढतात आणि ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात. मी सांगितलं, "समजा, हातात दोर आहे. ओढा." आणि माझ्या डोळ्यांसमोर होती ती रस्सीखेच. मी स्वतःही ओढून दाखवलं, दात आवळून, हिसके देत.

अवसेचा तो मुलगा पुढे आला. त्यानं माझ्या हातातला नसलेला दोर काढून घेतला, अगदी खरोखर, माझी बोटं सोडवून. "असा नाय, बाई. लाट भुतूर येताना ओढूचा. परत जाता तेव्हा नुसता धरून रवाचा." त्यानं दोर कंबरेमागून घेतला, पाठ समुद्राकडून जमिनीकडे कलवली आणि टाच वाळूत रोवली. ओढलं. थांबला. थांबलेला असतानाही दंडाच्या शिरा दिसत होत्या. त्याच्या मागे एकेक करून मुलं लागली आणि सगळ्यात शेवटच्या मुलीनं कुणी न सांगता दोराची वेटोळी घालायला घेतली. समोरच्या लाटेच्या तालावर सोळा-सोळा मुलांच्या दोन रांगा मागे जात होत्या, थांबत होत्या, जवळ येत होत्या. शिट्टी वाजवायची गरज नव्हती. वीस मिनिटं चाललं असेल. शेवटी जाळं वर आलं तेव्हा सगळी मधोमध वाकली, आणि क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "काय्येक नाय. शेवाळ." आणि सगळी हसत वाळूत बसली. मासे सापडले असं का नाही केलंत, मी विचारलं. त्यावर मिळालेली नजर अजून आठवते.

आता ती वाट बघण्याची गोष्ट. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक छोटं नाटक बांधत होतो. होडी परतायला उशीर झाला आहे, घरचे वाट बघताहेत, असा एक गोठवलेला प्रसंग त्यात हवा होता. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ या मुलांनी पाचवी-सहावीत असताना पाहिलेलं. पत्रे, माड आणि आंब्याची झाडं कशी गेली ते सांगायला प्रत्येकाकडे काहीतरी होतं. म्हणून मला वाटलं, हा पुतळा सहज जमेल. जमला. सगळी जण टाचा उंचावून, कपाळावर आडवा हात धरून क्षितिजाकडे. कॅलेंडरवर असतं तसं.

'त्यात काय दाखवूचा' म्हणणारी मुलगी एका बाजूला उभी होती. मी म्हटलं, "तू पण ये, बघ समुद्राकडे."

"आमची आई नाय बघणा."

"मग काय करते?"

ती गेली आणि प्रेक्षकांकडे तोंड करून, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, जमिनीवर वाकली. काहीतरी उचललं, पालटलं, ठेवलं. पुढचं उचललं, पालटलं, ठेवलं. खारे बांगडे सुकत घातले होते ते ती एकेक उलटत होती. मागे सगळे कपाळावर हात ठेवून उभे, आणि ही पुढे आपली रांगेनं मासे पालटत चाललेली. एक रांग संपली, तिनं पदराला हात पुसले, तिथे पदर नव्हता, युनिफॉर्मची ओढणी होती, आणि जे आधी पालटले होते तेच परत पालटायला घेतले.

मी विचारलं, "परत का?"

पात्र न सोडता ती म्हणाली, "बघल्यार येयत नाय."

मागचे हात एकेक करून खाली आले. कुणी मी सांगितलं म्हणून नाही. एकानं जाळं घेतलं, एकीनं भांडी. शेवटी क्षितिजाकडे बघणारं कुणी उरलं नाही, पण हॉलमध्ये समुद्र कुठल्या बाजूला आहे ते स्पष्ट कळत होतं, कारण सगळ्यांच्या पाठी तिकडे होत्या.

मी पुठ्ठ्यावरची चार पानं त्या दिवशी काढून ठेवली. फेकली नाहीत, खेळ चांगलेच आहेत.

संमेलनाबद्दल फार सांगत नाही. माइक दोनदा बंद पडला, राणीसाठी आणलेला मुकुट भलत्याच मुलानं घातला, पाहुण्यांचं भाषण लांबलं. आमचं नाटक बारा मिनिटांचं, सामान एक बाक. गाज झाली तेव्हा पुढच्या रांगेतली लहान मुलं आयांना चिकटली, एवढं मी विंगेतून पाहिलं. मुलगी बांगडे पालटत होती तेव्हा मागच्या खुर्च्यांत काय चाललं होतं ते अंधारात दिसलं नाही.

सगळे पांगल्यावर मी बाक जागेवर लावत होते. तिची आई आली. हातात रिकामा डबा, केसांत अबोलीचा वळेसर. मी काहीबाही बोलायच्या तयारीत होते, मुलगी किती गुणी आहे वगैरे. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळा बरा केला हा पोरीन. पण वाकान नाय पालटत, बाई."

"मग?"

"दिसभर वाकलंय तर कंबर रवात काय?" तिनं डबा बाकावर ठेवला, साडी गुडघ्यांत खोचली आणि रिकाम्या व्यासपीठावर उकिडवी बसली. डावा पाय पुढे, मग उजवा, न उठता, खेकड्यासारखी आडवी सरकत. हात मात्र एका जागी स्थिर, बोटं खाली जाऊन येत होती, पालटून ठेवत होती. अर्धी रांग झाल्यावर तिनं मान वर करून मला खुणावलं. मीही शेजारी उकिडवी बसले.